येळवस करून जा, ताई

पत्र आलंय लातूर जिल्ह्यातून, औसा तालुक्यातल्या एका गावातून. नाव छापू नका म्हणाल्यात म्हणून आपण नुसतं ताई म्हणू. ताई ६१ च्या, मालक ६६ चे, मुलगा-सून आणि साडेतीन वर्षांची नात कॅनडात टोरांटोच्या शेजारी मिसिसागाला. पत्र मोठं आहे, मुद्दा तेवढा देते. त्यात येळवस येईल, ती म्हणजे आमच्याकडचा मार्गशीर्ष अमावास्येचा शेतातला सण, पुढे सांगतेच.

"सुनेला दुसऱ्यांदा दिवस गेलेत, तारीख फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातली. मुलगा म्हणतो दोघं नोव्हेंबरातच या, सहा महिने राहा. हे म्हणतात बर्फात मरायला कोण जातंय, तूर काढायची, ज्वारी उभी राहणार, दोन म्हशी आहेत, यंदा येळवस जानेवारीत आलीय ती कोण करणार. मी गेले तर इथं ह्यांचे हाल, नाही गेले तर तिथं सुनेचे. मागं मे महिन्यात गेलो होतो तेव्हा बरं वाटलं होतं पण हिवाळ्यात तिथं माणसं कशी राहतात देव जाणे. काय करू? आणि गेलेच तर काय काय न्यायचं ते पण सांगा."

ताई, उत्तर आधीच देऊन टाकते, बाकीचं नंतर निवांत वाचा. जा. पण नोव्हेंबरात नको आणि दाजींना ओढत नको. येळवस करा, चार-पाच दिवसांत विमानात बसा, संक्रांत नातीबरोबर करा. दाजी पाडवा झाला की येतील, आणि दोघं मिळून मृगाच्या आधी परत या.

आता का ते सांगते. माझं माहेर अंबाजोगाईकडचं, त्यामुळे दाजी "बर्फात मरायला" म्हणाले ते वाचून मला हसूच आलं, कारण थंडीला घाबरणारा माणूस रब्बीत रात्री दोनला उठून मोटर चालू करायला जात नाही. त्यांना थंडीचं काही नाही हो. त्यांना हिवाळा सोडवत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात शेतकरी काय करतो, आभाळाकडे बघतो. पावसाळ्यात तर काळजीच काळजी, सोयाबीनचं काय होतं आणि भाव काय मिळतो. हिवाळा तेवढा एक असा की ज्यात शेतात उभं राहिलं की बरं वाटतं. सकाळी अंगावर घोंगडी घेऊन बांधावरून चालताना पाय दवाने भिजतात, ज्वारी डोक्याच्या वर गेलेली असते, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात, आणि पारावर शेकोटीभोवती चार म्हातारे बसून गेल्या चाळीस वर्षांतला प्रत्येक दुष्काळ पुन्हा मोजतात. मग हुरडा. आगटीत कणसं भाजून गरम गरम हातावर चोळायची, हात काळे होतात, वर लसणाची चटणी आणि दही. हे सगळं तुम्हाला मी काय सांगायचं, तुम्ही ते दरवर्षी करता, पण बाहेरचे वाचणारे पण आहेत म्हणून लिहिलं.

आणि येळवस! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मार्गशीर्ष अमावास्येला लातूर-धाराशिवकडे आणि सोलापूरच्या काही भागात अख्खं गाव शेतात जातं. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, मडक्यात आंबील, बाजरीचे उंडे, आणि ती भज्जी ज्यात शेतातलं सापडेल ते सगळं पडतं. त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं, दुकानं बंद, रस्त्यावर कुत्रं नाही. ज्याला शेत नाही त्यालाही कुणीतरी आग्रहानं बोलावतंच. "ओलगे ओलगे" करत आंबील शिंपडत शेताला फेरी मारणारा माणूस तुमच्या घरात कोण? दाजी. मग त्या दिवशी त्यांना मिसिसागाच्या बाराव्या मजल्यावर काचेतून पार्किंग बघत बसवायचं म्हणजे मला तरी बरोबर वाटत नाही. मे महिन्यात मात्र तुमच्याकडे ४० च्या वर पारा, शेतात ढेकळं, तेव्हा तिथे झाडांना पालवी फुटलेली असते. रास घरात आलेली असेल, कडबा रचलेला असेल, माणूस मोकळ्या मनाने येईल. मृग लागतो ७-८ जूनला, त्याच्या आधी आठ दिवस परत.

आता तुम्ही. तुमच्या पत्रात एक गोष्ट मला खटकली, वाईट वाटून घेऊ नका. तीन पानांत मुलगा काय म्हणतो आहे, हे काय म्हणतात आहे, जाऊ काय म्हणते तेही आहे, सून काय म्हणते एवढंच नाही. बाळंतपण तिचं आहे ना? फोन मुलाने केलाय. कदाचित तिलाही तेच हवं असेल, कदाचित तिला पहिला महिना तिची आई हवी असेल आणि ती सासूला कसं सांगू म्हणून गप्प असेल. आपण दोघी सुना होतो ताई, आपल्याला हे कळायला कुणी सांगावं लागत नाही. तेव्हा तिला एकटीला फोन करा आणि सरळ विचारा, "तुझी आई येणार आहे का, आणि मी कधी आलेली तुला बरी वाटेल?" तिची आई आधी येणार असेल तर तुम्ही मार्चमध्ये जा, दोघींनी पाळ्या लावून घ्या, एका फ्लॅटमध्ये दोन विहिणी आणि एक बाळंतीण असा सहा आठवड्यांचा संसार मी जवळून बघितलाय, नको. आणि तिने तुम्हालाच बोलावलं तर जानेवारीत जा, पण स्वयंपाकाला बाई मिळत नाही म्हणून आई असं जाऊ नका. पोराला पण भांडी घासता येतात, तिकडे सगळे घासतात.

हिवाळ्यात तिथे माणसं कशी राहतात विचारलंत. मी एक अख्खा हिवाळा लेकीकडे ओटावाला काढलाय, ती बाळंतीण झाली तेव्हाच, आणि ओटावा तुमच्या मिसिसागापेक्षाही गार. खरं सांगू, थंडीचा त्रास मला तिथल्यापेक्षा माहेरी जास्त होतो. आपल्याकडे पहाटे १०-१२ डिग्री असलं तरी पत्र्याच्या घरात आत-बाहेर सारखंच, फरशीवर पाय ठेवला की कळ डोक्यात जाते. तिथे बाहेर उणे १५ असलं तरी घरात २१-२२, लोक हाफ पँटवर फिरतात. त्रास होतो तो कोरडेपणाचा. हीटर चालू असतो म्हणून हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, नाकात खपली धरते, टाचा आपल्याकडच्या माघापेक्षा वाईट उलतात, आणि सिंथेटिक साडीवर लोकरीची शाल घेऊन दाराच्या कडीला हात लावला की चटकन करंट बसतो. पहिल्यांदा मी जावयाला म्हणाले तुमच्या घराचं अर्थिंग गेलंय! तेव्हा सुती साड्या न्या, मुलाला हवेत वाफ सोडणारं ह्युमिडिफायर घ्यायला सांगा. खोबरेल तिथेही गोठतं, २४ डिग्रीच्या खाली ते गोठणारच, आपण इथे बाटली उन्हात ठेवतो तिथे गरम पाण्याच्या पेल्यात ठेवायची, त्यापेक्षा तिळाचं तेल न्या.

बाहेरचं म्हणाल तर गंमत असते. ओटावात शहरातून कालवा जातो, रिडो कालवा म्हणतात, तो गोठला की त्यावर ७.८ किलोमीटर लोक स्केटिंग करत हिंडतात, काही तर तसेच ऑफिसला जातात. आपल्याला कालव्याला पाणी कधी सुटतंय याची काळजी आणि त्यांना कालवा कधी गोठतोय याची. २०२३ च्या हिवाळ्यात म्हणे पुरेशी थंडीच पडली नाही म्हणून तो उघडलाच नाही आणि लोक आपल्याकडे पाऊस न पडल्यासारखे हळहळले. असो, तुम्ही टोरांटोकडे आहात.

जपायचं ते घसरण्यापासून. ताज्या भुसभुशीत बर्फाची भीती नाही, तो दिसतो. भीती असते ती वितळून पुन्हा गोठलेल्या पातळ थराची, ओली फरशी वाटते आणि काच असते. पावलं छोटी टाकायची, बदकासारखं चालायचं, हात खिशात घालायचे नाहीत, हातमोजे घालायचे म्हणजे खिशाची गरजच नाही. बूट आणि जाड जॅकेट इथून अजिबात घेऊ नका, लातूरच्या बाजारातलं जॅकेट तिथे बनियन आहे. मुलाला सांगा विमानतळावर जॅकेट आणि बूट घेऊन ये. इथून न्यायचं ते आतले थर्मल, लोकरीचे मोजे, कानटोपी, आणि एक पातळशी वाकळ, बाकी कशासाठी नाही तर झोप लागावी म्हणून. साडीच्या काठाला रस्त्यावरच्या मिठाचे पांढरे डाग पडतात, बाहेर जाताना सलवार किंवा पँट घालायची तयारी असेल तर सोपं जाईल, नसेल तर साडी वर खोचा आणि वरून गुडघ्याखाली येणारं जॅकेट घाला, तिथे कुणी बघत नाही हो.

खरा घात करतो तो अंधार. जानेवारीत तिकडे सूर्य उगवतो आठच्या सुमाराला आणि पाच वाजता दिवेलागण. त्यात मुलगा-सून खोलीत लॅपटॉपवर, आजूबाजूला एकही आवाज नाही, ना गुरांचा ना टमटमचा ना देवळातल्या भोंग्याचा. तिसऱ्या आठवड्यात मला दुपारी चारला उगीचच रडू यायला लागलं. लेकीला वाटलं मी रागावले. मग मी ठरवलं की रोज काहीही होवो दुपारी एकला बाहेर पडायचं, पंधरा मिनिटं का होईना, वारा जास्त असेल त्या दिवशी मॉलमध्ये चार चकरा. तिथले म्हातारे गोरे पण सकाळी मॉलमध्ये चालायला येतात, आपला पारच समजा. नातीला घेऊन लायब्ररीत जा, तिथे लहान पोरांचे गाण्यागोष्टींचे तास असतात, पैसे लागत नाहीत, आणि भाषा न येणाऱ्या दुसऱ्या आज्या भेटतात. माझी एक पंजाबी मैत्रीण तिथेच झाली. टोरांटोला मराठी भाषिक मंडळ आहे, संक्रांतीच्या सुमारास काही आहे का ते मुलाला विचारायला लावा. आणि नातीचं बोरन्हाण घाला की, पाच वर्षांपर्यंत चालतंय, हलवा इथून न्या. बोरं नाही मिळाली तर चॉकलेटच्या गोळ्या चालतात, आमच्याकडे चालल्या.

बाळाचं मात्र जरा कान उघडे ठेवून ऐका, कारण आपलं अर्धं बाळंतपण तिथे चालत नाही आणि त्यावरून भांडणं होतात. शेगडी नाही. धुरी तर नाहीच नाही. मी शहाणी, बाळाला ओवा-लसणाच्या सालीची धुरी द्यायची म्हणून स्टीलच्या वाटीत कोळसा पेटवला, घरातला अलार्म कोकलायला लागला, धूर जावा म्हणून मी धावत जाऊन बाहेरचं दार उघडलं, आणि धूर कॉरिडॉरमध्ये गेल्यावर अख्ख्या बिल्डिंगचा अलार्म वाजला. उणे १८ मध्ये पाच मजल्यांची माणसं नाइटगाऊनवर खाली, दहा दिवसांचं बाळ जावयाच्या जॅकेटच्या आत, आणि अग्निशमनची लाल गाडी दारात. कुणी काही बोललं नाही तेच जास्त लागलं. पण गंमत सोडा, बंद घरात कोळशाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो, त्याला वासही नसतो. आपल्याकडे कौलातून आणि फटीतून हवा खेळते म्हणून आपण निभावलो.

बाळाला मध चाटवू नका, एक वर्षाच्या आत मधातून विषबाधा होऊ शकते, हे तिकडचंच नाही इथलेही बालरोगतज्ज्ञ सांगतात. काजळही नको, काही काजळात शिसं सापडतं. झोपवायचं उताणं, पाळण्यात उशी-दुपटी-वाकळ काही नाही, तुम्हाला ते उघडं उघडं वाटेल पण खोली गरम असते. गाडीत बाळाच्या खुर्चीत बसवताना फुगीर जॅकेट काढायचं, पट्टा घट्ट बांधून मग वरून पांघरूण टाकायचं. कोवळ्या उन्हात बाळाला धरायचं म्हणाल तर ऊनच नसतं, म्हणून तिथे अंगावर पिणाऱ्या बाळाला रोज ४०० युनिट व्हिटॅमिन डीचा थेंब देतात, त्याला औषध म्हणून नाकं मुरडू नका. मग तुमचं काय उरलं? तेल लावून अंग चोळणं उरलं, बाळाचं पण आणि सुनेचं पण, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू उरले, रात्री बाळाला खांद्यावर घेऊन तिला दोन तास झोपू देणं उरलं. ते कोणत्याही देशात कुणी नाही म्हणणार नाही.

बॅगेत काय, तर डिंक, येसर, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, हलवा. बियाणं, माती, ताजी फळं-भाज्या, तुळशीचं रोप असलं काही नको. खाण्याचं जे असेल ते विमानतळावर विचारल्यावर स्पष्ट सांगायचं, लपवलं की दंड. ज्वारीचं पीठ तिथल्या देशी दुकानात मिळतं पण जुनं असतं, भाकरी चिरते, उकळत्या पाण्यात उकड काढली तर जमते. आपला खोलगट लोखंडी तवा काचेच्या शेगडीवर तापत नाही, ओझं वाहू नका. फोडणी घालताना जॅकेटांचं कपाट बंद आहे ना बघा, नाहीतर मुलगा ऑफिसात कांद्या-लसणाचा वास घेऊन जाईल.

कागदांचं मुलाकडून करून घ्या. मागचा व्हिसा चालू असला तरी साध्या व्हिसावर एका वेळी साधारण सहाच महिने राहता येतं, तुम्हाला ते पुरतं. आई-वडिलांचा सुपर व्हिसा असतो त्यावर सलग पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण त्याला किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा सक्तीचा. साध्या व्हिसाला सक्ती नसली तरी विम्याशिवाय विमानात पाय ठेवू नका, पाहुण्यांना तिथलं सरकारी दवाखान्याचं कार्ड मिळत नाही आणि बिलं बघून तुम्ही तूर किती क्विंटल विकावी लागेल ते मोजायला लागाल. तुम्हाला बीपीची गोळी आहे म्हणता, तर विमा घेताना ते लपवू नका, आणि डोस बदलायचा असेल तर तो डॉक्टरांना आत्ताच विचारून घ्या, कारण बऱ्याच पॉलिसींमध्ये आधीचा आजार ठरावीक महिने स्थिर असावा लागतो. गोळ्या हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट. एकट्या जाताय म्हणून तिकिटाबरोबर व्हीलचेअर मागून ठेवा, पाय धड असले तरी, दुबई म्हणा दिल्ली म्हणा जिथे विमान बदलायचं तिथे ढकलणारा पोरगा गेटपर्यंत नेऊन सोडतो.

राहिले दाजी. त्यांच्या जेवणाची काळजी नका करू, जाऊबाई शेजारीच आहेत, एका भाकरीने काही होत नाही. मला काळजी वाटते ती रात्रीच्या लाईटची. शेतीची लाईट आठवड्यात कधी दिवसा कधी रात्री, ६६ वर्षांचा माणूस एकटा अंधारात पाण्यात उभा, साप-विंचू आहेत, बीपी आहे का नाही कुणी तपासलेलं नाही, आणि हाक मारली तर ऐकायला घरात कुणी नाही. तुम्ही असताना कमीत कमी "अजून का नाही आले" म्हणून कुणी जागं असतं. तर जायच्या आधी पुतण्याशी किंवा एखाद्या गड्याशी ठरवून टाका, रात्रपाळीचं पाणी तो देईल, दिवसाचं दाजी. पैसे मुलाने द्यावेत, त्याला तसं सांगा, आई बोलावायची तर एवढं होतंच. दोन म्हशींपैकी भाकड कुठली असेल ती आधीच काढता आली तर बघा. दाजींचं बीपी पण त्या निमित्ताने तपासून घ्या.

रोजच्या बोलण्याची वेळ मी तुम्हाला काढून देते. हिवाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे. म्हणजे दाजी सकाळी साडेसहाला शेकोटीपाशी बसले की तुमच्याकडे आदल्या रात्रीचे आठ, जेवणं झालेली, नात झोपायच्या आधीची. फोन शेकोटीकडे धरून ठेवा म्हणावं, बोलायचं काही नसलं तरी. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर पुढे जातात, मग दाजींना तासभर लवकर उठावं लागेल, ते तसेही उठतातच.

सुनेला फोन मात्र याच आठवड्यात करा, मुलगा ऑफिसला गेला असेल तेव्हा. अजून तिकडची घड्याळं नोव्हेंबरातली मागे गेलेली नाहीत, म्हणजे सध्या साडेनऊ तासांचा फरक, तुम्ही रात्री आठला लावलात तर तिच्याकडे सकाळचे साडेदहा. दाजींना अंगणात पाठवा आणि मग बोला.